१९७८ची प्रीमियर पद्मिनी : बॅटरी उतरते, आणि गरम झाल्यावर इंजिन बंद पडते

हेदवी-किनारा (प्रश्न)

नमस्कार.

आमच्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती मुंबईत असताना घेतली, निवृत्तीनंतर गावी आणली, आणि त्यांच्या पश्चात ती हेदवीजवळच्या आमच्या घरामागे जांभ्याच्या मांगरात उभी असते. समुद्र तिथून अर्ध्या किलोमीटरवर आहे. गाडीला बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा डायनॅमोच अजून आहे, त्याच्या जागी पुढे आलेला अल्टरनेटर नाही. डेल्कोमध्ये, म्हणजे प्लगांना आळीपाळीने ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, जुन्या पद्धतीचे पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि ते जळू नयेत म्हणून असणारा कंडेन्सर आहे.

तक्रारी दोन आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे की नाही, हेच मला ठरवता येत नाही. पहिली तक्रार बॅटरीची. पाच महिन्यांपूर्वी नवी बॅटरी घातली, तरी आठवड्यातून एकदा ती बाहेर काढून चार्जरवर लावावी लागते. बॅटरी ताजी राहावी म्हणून मी रोज सकाळी न चुकता दहा मिनिटे गाडी अंगणात चालू ठेवतो, तरीही हीच स्थिती आहे. रात्री हेडलाइट लावल्यावर डॅशबोर्डावरचा डायनॅमोचा लाल दिवा, गाडी वेगात असतानासुद्धा, अगदी मंद असा पेटलेला दिसतो; दिवसा तो विझलेला असतो. आमच्या रस्त्याला दिवे नसल्यामुळे मूळचे बल्ब काढून मी १००/९० वॅटचे हॅलोजन बसवले आहेत, हेही सांगून ठेवतो.

दुसरी तक्रार इंजिनाची. पावसाळ्यात सकाळी गाडी मिसिंग करायची, म्हणजे अडखळत चालायची, मात्र इंजिन तापले की सुरळीत चालायची. मेकॅनिकने ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल कमजोर झाल्याचे सांगितले, म्हणून ऑगस्टमध्ये कुर्ल्याच्या बाजारातून नवी कॉइल मागवून बसवली. तेव्हापासून उलटेच झाले आहे : थंड असताना गाडी झकास चालते आणि अर्ध्या तासाने, शृंगारतळीहून परतताना तर दोनदा, अचानक बंद पडते. वीस मिनिटे थांबले की काहीच न झाल्यासारखी पुन्हा सुरू होते.

एका कारागिराचे म्हणणे असे की उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ धरते आणि इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. दुसऱ्याचे असे की डायनॅमो फेकून अल्टरनेटर बसवा, सगळे प्रश्न एकदम मिटतील. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि तो मला जेमतेम वापरता येतो. सुरुवात कुठून करावी, हे कृपया कोणी सांगावे.

कार्बनब्रश

नमस्कार. मी चिपळूणला तीस वर्षे गाड्यांच्या विजेचे काम केले, आता डोळ्यांमुळे थांबलो आहे. आपण प्रश्न नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तरही नीट देण्याचा प्रयत्न करतो.

सर्वप्रथम रोज सकाळची ती दहा मिनिटे बंद करा. अल्टरनेटर मंद गतीलाही थोडाफार करंट देतो. डायनॅमो देत नाही. इंजिन नुसते गुरगुरत असताना डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी असते, म्हणून डायनॅमो आणि बॅटरी यांना जोडणारा आपोआप चालणारा स्विच, म्हणजे कटआउट, उघडाच राहतो आणि इग्निशनला लागणारा तीन-चार अँपिअरचा करंट बॅटरीतूनच जातो. शिवाय थंड इंजिनाला सेल्फ मारताना शंभराहून अधिक अँपिअर खर्च होतात ते वेगळेच. म्हणजे बॅटरी ताजी राहावी म्हणून आपण रोज तिच्यातून थोडी वीज काढून घेत आहात. पंधरा दिवसांतून एकदा गाडी रस्त्यावर काढून पाऊण तास चांगल्या वेगाने चालवणे हे त्यापेक्षा कितीतरी हिताचे आहे.

आता मोजमाप. बॅटरीचे पूर्ण भरलेले विश्रांतीचे व्होल्टेज सुमारे १२.६ ते १२.७ असते, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली आणि १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. रात्रभर गाडी न चालवता सकाळी हा आकडा घ्या. त्यानंतर इंजिन बऱ्यापैकी रेसवर ठेवून, एकदा दिवे बंद आणि एकदा दिवे चालू असताना, पुढील ठिकाणी व्होल्टेज मोजा : बॅटरीच्या दोन टोकांवर, रेग्युलेटरच्या (डायनॅमोचे व्होल्टेज आवरणारी पेटी, कटआउटही तिच्यातच असतो) डायनॅमोकडच्या ‘डी’ टोकावर, आणि रेग्युलेटरमधून बॅटरीकडे निघणाऱ्या टोकावर, ज्यावर कुठे ‘ए’ तर कुठे ‘बी’ असे अक्षर असते. (इटलीतल्या मूळ फियाटच्या डायनॅमोवर अक्षरांऐवजी ५१ आणि ६७ हे आकडे असत, एखाद्या जुन्या पुस्तकात ते दिसले तर गोंधळू नका, ५१ म्हणजे डी आणि ६७ म्हणजे एफ, अर्थात फील्डचे टोक.) मीटरची काळी वायर प्रत्येक वेळी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकालाच लावा, बॉडीला नको. बॉडीच्या अर्थिंगवर, म्हणजे बॉडीतून करंट बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेवर, आपण तूर्त विश्वास ठेवायचा नाही.

डायनॅमो स्वतः चांगला आहे की नाही, हे पाहण्याची रीत जुनी आणि खात्रीची आहे. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबल्यावर दहा ते पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त दबत नाही, हे आधी पाहून घ्या. मग डायनॅमोवरच्या दोन्ही वायरी काढा, त्या कुठे टेकणार नाहीत अशा बाजूला बांधा, आणि डायनॅमोची डी व एफ ही दोन टोके एका छोट्या वायरीने एकमेकांना जोडा. मीटरचे एक टोक या जोडाला आणि दुसरे डायनॅमोच्या अंगाला लावून इंजिन सुरू करा आणि रेस अगदी हळूहळू वाढवा. काटा किंवा आकडा न अडखळता २० व्होल्टपर्यंत चढला, तर डायनॅमो निरोगी आहे. तिथेच थांबा, त्यापुढे रेस वाढवू नका, कारण या अवस्थेत त्याला आवरणारे कोणी नसते. आकडा शून्यावरच राहिला तर कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासणारे ब्रश, पाहावेत. अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला तर फील्डच्या, म्हणजे स्थिर चुंबकत्व देणाऱ्या, गुंडाळीवर संशय घ्यावा. चार-पाच व्होल्टवर थांबला तर आर्मेचरवर, म्हणजे फिरत्या गुंडाळीवर.

काम करताना हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवा आणि लुंगी नेसून पंख्याजवळ वाकू नका. दुसऱ्या सूचनेमागे माझ्या कारखान्यातला एक प्रसंग आहे, पण तो इथे सांगण्यासारखा नाही.

मालवणची फियाट

माझीही पद्मिनीच आहे, त्यामुळे आपले दुःख समजू शकतो. मला एकच गोष्ट विचारायची आहे. सेल्फ मारून झाल्याबरोबर चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण किनाऱ्यावरच्या गाडीत मी सर्वांत आधी हेच पाहतो. बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते आणि इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. खाऱ्या हवेने ती पट्टी आतून हिरवी होऊन भुसभुशीत होते, वरून मात्र धड दिसते. मग सेल्फचा सगळा करंट परत जायला वाट शोधतो आणि त्याला चोकच्या केबलची लोखंडी तार सापडते. माझ्या गाडीत त्या तारेचे आवरण वितळून धूर आला, तेव्हा कुठे मला हे कळले. तोपर्यंत मी दोन बॅटऱ्या बदलून बसलो होतो.

पावसाळ्यातल्या मिसिंगसाठी दुसरी सूचना. रात्री मांगरातला दिवा मालवून, डोळे अंधाराला सरावल्यावर, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि डेल्कोच्या झाकणाकडे व प्लगच्या वायरींकडे पाहा. मिठाचा पापुद्रा हवेतली ओल ओढून घेतो आणि त्या ओलीवरून ठिणगी धावते. झाकणावर किंवा वायरींवर निळसर वळवळ दिसली तर आपला निम्मा प्रश्न सुटला असे समजा.

आंबा घाट

सर्वांच्या मताचा आदर राखून वेगळे मत मांडतो. माझ्या १९८३च्या पद्मिनीला मी अल्टरनेटर आणि पॉइंटविरहित इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतले, त्याला आता सहा वर्षे झाली. रत्नागिरी ते कोल्हापूर असा घाट चढून मी महिन्यातून दोनदा जातो आणि एकदाही रस्त्यावर थांबलेलो नाही. पॉइंट घासत बसणे, कंडेन्सर खिशात बाळगणे हे प्रेमापोटी ठीक आहे, पण गाडी वापरायची असेल तर वेळेबरोबर चालावे. १०० वॅटचे दिवे तर डायनॅमोवर चालवूच नयेत. तो जेमतेम २० ते २२ अँपिअर देणार. दोन डीपरचे (खालच्या झोताचे) ९०-९० वॅट म्हणजे पंधरा अँपिअर तिथेच गेले, टेललाइट, इग्निशन आणि वायपर मिळून उरलेले सात-आठ. बॅटरीच्या वाट्याला काय शिल्लक राहिले, हे आपणच पाहा.

कार्बनब्रश

दिव्यांचा हिशेब आपण मांडला तो अगदी बरोबर आहे, आणि मीही तो पुढच्या उत्तरात सांगणारच होतो. अल्टरनेटरलाही माझा तात्त्विक विरोध नाही. मात्र दोष कुठे आहे हे न शोधता अल्टरनेटर बसवला, तर तोच कुजलेला अर्थ आणि त्याच सैल वायरी आता २० ऐवजी ३५ अँपिअर वाहू लागतील. अशा रीतीने जळालेली नवी वायरिंग मी बऱ्याच गाड्यांमध्ये पाहिली आहे. आधी निदान होऊ द्या, मग काय बसवायचे ते मालक ठरवतील.

वर्गातला वायरमन

मी कुडाळ परिसरात आयटीआयमध्ये वाहन-विद्युत शिकवतो. काका, चार्जिंगबद्दल वर सांगितले गेले त्यात मला भर घालायची नाही. मला आपल्या नव्या कॉइलबद्दल शंका आहे, कारण गाडी तापल्यावर बंद पडण्याचा दोष कॉइल बदलल्यानंतर सुरू झाला, हे आपणच लिहिले आहे. दोष कधीपासून आहे, यातच पुष्कळदा दोषाचे नाव असते.

बाजारात १२ व्होल्टच्या म्हणून ज्या कॉइली मिळतात त्या दोन जातींच्या असतात. एक जात थेट १२ व्होल्टवर चालते आणि तिच्या प्रायमरीचा, म्हणजे बाहेरच्या दोन छोट्या टोकांमधला, रोध साधारण ३ ओहम असतो. दुसरी जात बॅलास्ट रेझिस्टरसह वापरायची असते. तिचा स्वतःचा रोध सुमारे दीड ओहम असतो आणि उरलेला भार तो रेझिस्टर उचलतो. आपल्या गाडीत बॅलास्ट नसणार. दीड ओहमची कॉइल अशा गाडीत सरळ जोडली, तर पॉइंट मिटलेले असताना चार-साडेचार अँपिअरऐवजी नऊच्या आसपास अँपिअर वाहतात. सुरुवातीला ठिणगी जोरदार मिळते, म्हणून ‘नव्या कॉइलने गाडी झकास झाली’ असे सर्वांना वाटते. पण करंट दुप्पट झाला की कॉइलमधली उष्णताही दुप्पट होते. अर्ध्या तासात आतली गुंडाळी इतकी तापते की ठिणगी क्षीण होत होत बंद पडते, आणि थंड झाल्यावर पुन्हा येते. त्याच वेळी पॉइंटचीही जाळून वाट लागते.

तपासणी सोपी आहे. इग्निशन बंद करून कॉइलच्या दोन्ही छोट्या वायरी काढा. मीटर सर्वांत कमी ओहमच्या पट्ट्यावर ठेवून आधी त्याच्या दोन सुया एकमेकींना टेकवा आणि जो आकडा येईल तो लिहून ठेवा. तो सुयांचा स्वतःचा रोध आहे, तो वजा करायचा. मग कॉइल मोजा. जुनी कॉइल टाकून दिली नसेल तर तीही मोजा.

‘वाफ धरते’ हे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवण्यासाठी जादा प्लग गाडीत ठेवा. गाडी बंद पडल्याबरोबर, थंड व्हायच्या आत, एका सिलिंडरची वायर काढून या प्लगला लावा, प्लगचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा आणि दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. प्लग हाताने धरू नका, वीस हजार व्होल्टचा झटका विसरता येत नाही. निळी कडक ठिणगी दिसली तर पेट्रोलकडे वळा. पिवळी, मरगळलेली दिसली किंवा दिसलीच नाही, तर दोष इग्निशनमध्येच आहे.

आणखी एक. पॉइंट ज्या पत्र्यावर बसलेले असतात तो पत्रा व्हॅक्यूमने थोडा फिरतो, म्हणून त्याला अर्थ देणारी एक मऊ विणलेली छोटी वायर डेल्कोच्या आत असते. ती आतल्या आत तुटलेली असली तर फक्त रेस देताना मिसिंग होते. झाकण उघडलेलेच आहे तर तीही चिमट्याने हलवून पाहावी.

हेदवी-किनारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार दिवस यातच घालवले. मुलगा सुट्टीवर आला होता, त्याने सेल्फ मारण्याचे काम केले. आकडे खाली देतो.

रात्रभर विश्रांतीनंतर बॅटरी १२.२. डायनॅमोची डी-एफ जोडून केलेली परीक्षा उत्तम उतरली, आकडा सरळ २० व्होल्टपर्यंत गेला आणि मी घाबरून लगेच रेस सोडली. रेसवर, दिवे बंद असताना : डी टोकावर १४.२, ए टोकावर १३.४, बॅटरीवर १३.१. रेसवर, दिवे चालू असताना : डीवर १३.८, एवर १२.२, बॅटरीवर १२.०. रेग्युलेटरचे झाकण दिवे चालू असताना हाताला चांगलेच गरम लागते.

चोकच्या केबलबद्दल विचारले होते. होय, गरम लागते. आजवर मला वाटे की इंजिनाच्या उष्णतेने लागत असेल, पण सकाळच्या पहिल्याच सेल्फला तसे होण्याचे कारण नाही, हे प्रश्न वाचल्यावर ध्यानात आले. मुलाच्या सूचनेवरून सेल्फ चालू असताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांमधले व्होल्टेजही मोजले, ते १.७ निघाले.

कॉइल : सुया ०.३, नवी कॉइल १.८, जुनी ३.४. म्हणजे नवी दीड ओहमची आणि जुनी ३.१ची. जुनी कॉइल मी जपून ठेवली होती, हे सुदैव. अंधारात पाहिले तेव्हा डेल्कोच्या झाकणावर, तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीजवळ, एक निळी रेघ वळवळताना दिसली. दिवसा भिंग लावून पाहिल्यावर तिथे पेन्सिलीच्या रेघेसारखी बारीक चीर सापडली. पॉइंट काळेनिळे झाले आहेत आणि एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा आहे. डेल्कोच्या आतली मऊ वायर धड आहे.

कार्बनब्रश

शाब्बास. असे आकडे हाती आले की गाडी न पाहताही बोलता येते.

आपला डायनॅमो चांगला आहे आणि रेग्युलेटरचा व्होल्टेज सांभाळणारा भागही आपले काम करतो आहे. गडबड डी आणि ए यांच्या मध्ये आहे. या दोन टोकांच्या मध्ये कटआउटचे पॉइंट असतात. ते मिटलेले असताना दोन्हीकडचे व्होल्टेज जवळजवळ सारखे असायला हवे. आपल्याकडे दिवे लावल्यावर तिथे १.६ व्होल्ट गळतात. रेग्युलेटर डीकडचे व्होल्टेज पाहतो, त्याला तिथे चौदाच्या आसपास दिसते आणि तो समाधानाने डायनॅमोला आवरून धरतो; बॅटरीला मात्र बाराच मिळतात. झाकण गरम होते तेही याच कारणाने.

रात्रीच्या त्या मंद लाल दिव्याचेही कोडे इथेच सुटते. तो दिवा एका बाजूने डीला आणि दुसऱ्या बाजूने इग्निशन स्विचला जोडलेला असतो, म्हणून दोन्हीकडे सारखे व्होल्टेज असले की विझतो. डायनॅमो करंट देत नसेल तर तो ठळक पेटतो. पण डायनॅमो देत असूनही मध्येच गळती असेल तर अंधारात दिसेल इतका मंद पेटतो. कटआउटचे १.६ आणि पुढे इग्निशन स्विचपर्यंतच्या जोडांमध्ये आणखी काही गळत असणार, तेवढे त्या बल्बला पुरते.

उपाय असा. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी काढा. बॅटरी जोडलेली असताना कटआउट बोटाने दाबला तर बॅटरी डायनॅमोतून रिकामी होऊ लागते आणि वायर तापते. झाकण उघडून कटआउटच्या पॉइंटमधून बारीक काचकागदाची पट्टी ओढा, एकदा खालची बाजू आणि एकदा वरची, आणि मग स्पिरिटने पुसा. कटआउटला एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण मऊ धातूत रुततात. शेजारचे रेग्युलेटरचे पॉइंट कठीण धातूचे असतात, त्यांना बारीक सिलिकॉन कार्बाइडचा कागद चालतो; पण आपले १४.२ ठीक आहेत, तेव्हा त्यांना हात लावू नका. आतल्या स्क्रूंना तर मुळीच नको. सगळ्या वायरींची टोके काढून, घासून, घट्ट बसवा, विशेषतः ‘ई’ (अर्थ) टोकाची, कारण ती सैल झाली तर रेग्युलेटरला खरे व्होल्टेज कळत नाही आणि बॅटरी उकळेपर्यंत चार्ज होते.

सेल्फच्या वेळचे १.७ व्होल्ट हा वेगळा दोष आहे. तिथे पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नसावे. मालवणच्या मित्राने सांगितलेली पट्टी तीच. ती बदलायची, घासायची नाही. कल्हई केलेल्या तांब्याची विणलेली पट्टी मिळाली तर उत्तम; बॉडीवर जिथे बसते तिथला रंग चकाकी येईपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून मग आवळू नका. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने जाते.

डायनॅमोच्या मागच्या बेअरिंगला तेलाचे छोटे छिद्र असेल तर त्यात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा. जास्त नको, ते कार्बन घासतात त्या कम्युटेटरवर उडते.

वर्गातला वायरमन

माझ्याकडून एवढेच : जुनी कॉइल परत बसवा. गाडी निगेटिव्ह अर्थची आहे, म्हणून कॉइलचे उणे टोक डेल्कोकडे आले पाहिजे. उलटे बसले तरी गाडी चालते, पण ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि ओलीत ते जाणवते. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे घाला, कारण दुप्पट करंटने भाजलेल्या कंडेन्सरचा भरवसा धरता येत नाही. पॉइंटचे अंतर फिलर गेजने (अंतर मोजायच्या पातळ पत्र्यांनी) ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि अंतर बदलले की टायमिंगही हलते, हे लक्षात असू द्या. झाकण बदलताना वायरी एकेक करून काढून लगेच नव्या झाकणात त्याच जागी लावत जा. सगळ्या एकदम काढल्या की १-३-४-२ हा ठिणगीचा क्रम पाठ असूनही लोक चुकतात. विद्यार्थीही चुकतात, आणि एकदा मीही चुकलो आहे. नवी कॉइल फेकू नका. आंबा घाटच्या मित्रांसारखे इलेक्ट्रॉनिक इग्निशन कधी बसवलेत, तर त्यांच्या माहितीपत्रकात कॉइल किती ओहमची हवी ते लिहिलेले असते, तेव्हा ती कदाचित उपयोगी पडेल.

हेदवी-किनारा

कळवण्यास दोन आठवडे उशीर झाला, कारण सांगण्याआधी गाडी दूरवर नेऊन पाहावी असे वाटले.

कटआउट साफ केल्यावर, तेच हॅलोजन चालू असताना, डी आणि ए यांमधला फरक ०.२ व्होल्ट राहिला. अर्थची पट्टी काढली तेव्हा ती वाकवताच हातात मोडली आणि आतून हिरवी भुकटी सांडली. नवी पट्टी बसवल्यावर सेल्फच्या वेळचा आकडा १.७वरून ०.२वर आला, सेल्फ पूर्वीपेक्षा जोरात फिरतो आणि चोकची केबल गार आहे. जुनी कॉइल, नवे पॉइंट, कंडेन्सर आणि डेल्कोचे झाकण बसवून हेदवी ते चिपळूण आणि परत असा प्रवास केला. येताना मुद्दाम शृंगारतळीला न थांबता पुढे आलो. गाडी कुठेही बंद पडली नाही. जादा प्लग खिशात होता, त्याची गरज लागली नाही, त्यामुळे वाफेच्या मताची परीक्षा मात्र राहूनच गेली.

१०० वॅटचे बल्ब काढून ६०/५५चे बसवले आहेत आणि दिव्यांसाठी रिले टाकली आहे, म्हणजे दिव्यांचा करंट आता स्विचमधून जात नाही. उजेड फारसा कमी वाटत नाही. मला वाटते, पूर्वी बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतच नव्हते. दिवे लावून रेसवर आता बॅटरीवर १३.५ दिसतात आणि रात्री लाल दिवा पूर्ण विझलेला असतो.

एकच शंका उरली आहे. फाटकाशी गाडी थांबवून, दिवे चालू ठेवून मी फाटक उघडायला उतरतो, तेव्हा तो दिवा लुकलुकतो. हे चालेल का?

कार्बनब्रश

चालेल. डायनॅमोच्या गाडीत मंद गतीला तो लुकलुकणारच. रेस दिल्याबरोबर विझला की झाले. फाटक उघडताना हेडलाइट तेवढे बंद करत जा. आणि येत्या पावसाळ्याआधी, मे महिन्यात, ब्लॉक आणि निगेटिव्ह टोकामधला तो आकडा सेल्फ मारून पुन्हा एकदा घ्या. ०.२चे ०.५ झाले असतील तर पट्टीचे बोल्ट खोलून घासायची वेळ आली.